गुणाकराची चाळणी

कीर्तन म्हटलं की कालिंदीबाईंचा सगळा जीव कानात गोळा व्हायचा. बालाघाटच्या राममंदिरात कुणी बुवा उभे राहिले आणि समोरच्या सतरंजीवर कालिंदीबाई नाहीत, असं कधी घडलं नाही. दमा उसळलेला असो, घरात पाहुणे असोत, बाई चुलीवरचं उतरवून, पदर खोचून निघायच्या. आणि त्यांच्या मागोमाग, हातात टाळ घेऊन, त्यांचा गुणाकर.

नागपूर मध्यप्रांताची राजधानी होती तेव्हा तिकडून बुवांची ये-जा असायची. मग जिल्हा भोपाळकडे गेला, कचेरीतली मराठी घरं एकेक करून हलली आणि सतरंजीवरची मंडळी विरळ झाली. रामनवमीचा उत्सव मात्र कुणी मोडू दिला नव्हता. उरलेले लोक जरा जास्तच भक्तीनं बसायचे. मराठी धड न समजणारी पोरंही आपल्या आजीच्या शेजारी बसून टाळ्या वाजवायची.

गुणाकर बावीस-तेवीस वर्षांचा. अंगानं भरलेला, मिसरूड फुटलेली, उंबरठ्यातून वाकून यावं लागेल एवढा उंच. आणि समज पाच-सहा वर्षांच्या लेकराची. लहानपणी ताप डोक्यात गेला, तो जाताना बरंच काही घेऊन गेला. बोलणं दोन-तीन शब्दांचं. मास्तरांनी दोन वर्षं पाटीसमोर बसवून पाहिलं आणि शेवटी कालिंदीबाईंनाच हात जोडले. पण टाळ हाती दिला की ठेका चुकायचा नाही. मृदंगवाला चुकेल, हा चुकायचा नाही.

वडील कचेरीत नाझर होते तोवर घराला काही कळलं नाही. ते गेले आणि वर्षभरात कालिंदीबाईंचा दमा छातीत ठाण मांडून बसला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना तोंडावर काही सांगितलं नाही, पण सुई टोचताना मान हलवली ती बाईंनी पाहिली. त्याच दिवाळीत रायपूरचा पुतण्या आला होता. चांगला मुलगा, वाईट बोलायचा नाही. फराळाचं ताट पुढ्यात घेऊन तो म्हणाला, "काकू, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. पुढं मी त्याला माझ्या घरी नाही ठेवू शकणार. माझ्या पोरी मोठ्या होऊन राह्यल्या. नागपूरला वेड्यांचं इस्पितळ आहे, तिथं जागेचं विचारून ठेवतो."

"तो वेडा नाही रे."

"ते तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. पण दुसरीकडं ठेवणार कुठं?"

पुतण्या गेल्यावर त्या बराच वेळ गुणाकराच्या हातांकडे बघत बसल्या. देवानं हात धड दिले होते, मोठे, मऊ, न थकणारे. डोक्यावर छप्पर आपलं होतं. या हातांना एक काम लागलं, रोज तेच, रोज तसंच, तर हा स्वतःच्या घरात स्वतःचं जेवून राहील. शेजारच्या शांताबाईंशी त्यांनी बोलून ठेवलं. त्या फटकळ, पण शब्दाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "दोन वेळच्या भाकरी टाकून देईन वो बाई, पण फुकट नाई. फुकटाचं लय दिवस चालत नाई, पैशाचं चालते. त्यानं मले दर शनवारी आपल्या हातानं पैसे द्यावे." कालिंदीबाईंना ते फार बरं वाटलं. हे दयेचं नव्हतं, व्यवहाराचं होतं.

आता काम तेवढं शोधायचं होतं.

रेल्वेच्या फाटकापलीकडे नथ्थूची मुरमुऱ्याची भट्टी होती. तांदूळ गरम वाळूत टाकायचे, ते टणाटण फुलले की वाळूसकट चाळणीत घ्यायचे आणि चाळणी हलवायची. वाळू खाली, मुरमुरे वर. मुरमुरे पोत्यात, वाळू परत कढईत. दिवसभर हेच. कालिंदीबाई मुरमुरे घ्यायला गेल्या असताना चाळणीवाल्याचे हात बघत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मनात आलं, अरे, हा तर ठेका आहे.

घरी त्यांनी पिठाच्या चाळणीत तांदूळ आणि नदीची वाळू घालून गुणाकरापुढे धरली. तोंडानं रामनाम म्हणत टाळी वाजवली आणि त्याचे हात चाळणीवर ठेवले. चार दिवस अंगणभर वाळू झाली. पाचव्या-सहाव्या दिवशी हात लयीत आले. वाळू सरली की चाळणी थांबवायची, ही गोष्ट मात्र त्याला कळेना. नाम चालू आहे तोवर तो हलवतच राही. तेव्हा बाईंनी त्याला चाळणीखाली बघायला शिकवलं. वाळू पडते आहे? हलव. पडत नाही? थांब. गुणाकर मान खाली घालून बघायचा आणि शेवटचा कण पडला की त्याचा चेहरा असा उजळायचा, की जणू तो कण त्यानंच घडवला.

नथ्थू आधी हसला. "बाई, हा पोट्टा भजनाचा हाय, भट्टीचा नाई. हात भाजला तर तुमीच मले बोल लावसान."

"नाही लावणार. एक महिना बघ. नाही जमलं तर मीच घेऊन जाईन."

"अन मुरमुरे खाल्ले तर?"

"खाईल. पहिले दोन दिवस खाईल. तू रागव त्याला."

नथ्थू रागावला. दोनदा धपाटाही मारला, आणि कालिंदीबाईंनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला, कारण तो धपाटा इतर पोरांना पडायचा तसाच होता. गुणाकराचा हात एकदा भाजलाही. तुळसाबाईनं, म्हणजे नथ्थूच्या बायकोनं, त्यावर चुना आणि तेल लावलं आणि म्हणाली, "डोये कोठी होते तुये, राजा? कढईत का माह्या तोंडाकडे?" महिना सरला. नथ्थूनं परत घेऊन जा म्हटलं नाही. उलट एक दिवस बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "तुमचा पोरगा बोलत नाई, बिडी ओढत नाई, चायले जात नाई. माह्या बाकीच्या गड्यांयले त्याच्यापासून शिकवा लागते."

दिवाळीनंतरचे ते महिने कालिंदीबाईंच्या आयुष्यातले सोन्याचे होते. राइस मिलचा भोंगा झाला की गुणाकर उठायचा. फाटक बंद असेल तर गाडी जाईपर्यंत थांबायचं, हे त्याला पक्कं झालं. हाटातून त्यानं एक कुलूप आणलं, ते दाराला लावायला शिकला आणि किल्ली करदोट्याला बांधून हिंडू लागला. शनिवारी शांताबाईंच्या ओट्यावर मिळकतीतला वाटा ठेवून "भाकर" म्हणायचा. शांताबाई म्हणायच्या, "हौ राजा, भाकर. आज चटणी बी देतो, पगार झाला ना तुया."

रात्री अंथरुणावर पडल्यावर कालिंदीबाई देवाला म्हणायच्या, आता तू कधीही ये.

मग रामनवमी आली आणि नीळकंठबुवा आले.

नीळकंठबुवा म्हणजे मोठा माणूस. गळा असा, की सूर लावला तर समईची ज्योत स्थिर व्हावी. डोक्याला पांढरा फेटा, हातात चिपळ्या, पायात चाळ, आणि बोलणं इतकं साधं की अडाण्यालाही आपल्याच घरचं वाटावं. उत्सवात एक दिवस बुवांचं जेवण कालिंदीबाईंकडे असायचं. त्या दिवशी पुरण वाढता वाढता त्यांनी मनातलं बोलून घेतलं.

"बुवा, गुणाकर कामाला जातो आता. सगळं चांगलं चाललं आहे. पण रस्त्यानं पोरं दगड मारतात, 'पागल, पागल' करतात. मोठी माणसंही हसतात. तुम्ही गादीवरून एक शब्द बोला. लोकांनी त्याला आपल्यातलं धरावं, एवढंच."

बुवांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "माय, तुम्ही काहीच मागितलं नाही. बोलतो."

त्या संध्याकाळचं कीर्तन ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात. पूर्वरंगाला बुवांनी निर्मळ मनाचा विषय घेतला होता. वाक्य असं यायचं की माणसानं मान हलवावी आणि पुढच्याच वाक्यानं ती मान खाली जावी. पूर्वरंग संपला, नामाचा गजर झाला, आणि रीतीप्रमाणे मंदिराचे पंच दादाजी हार आणि बुक्का घेऊन पुढे आले. गादीवरचा माणूस त्या घटकेला नारद असतो. त्याच्या गळ्यात हार पडला की वय बघायचं नाही, जात बघायची नाही, सगळ्यांनी पाया पडायचं. दादाजींनी बुवांना बुक्का लावला, हार घातला. गजर थांबला. टाळ थांबले. एकच टाळ वाजत राहिला.

गुणाकर डोळे मिटून वाजवत होता. त्याच्या हिशेबी नाम अजून सरलं नव्हतं.

कुणी हसलं. बुवांनी हात वर केला. ते गादीवरून खाली उतरले, हे कधी झालं नव्हतं, आणि गुणाकरापुढे उभे राहिले. "आम्ही शब्दांचे व्यापारी," ते म्हणाले, "आमचं नाम हार पडला की थांबतं. या लेकराला हार ठाऊक नाही, म्हणून याचं नाम थांबत नाही. सांगा, यातला वेडा कोण?" असं म्हणून त्यांनी गळ्यातला हार काढला आणि गुणाकराच्या गळ्यात घातला.

मग दादाजी, सत्तरीचे दादाजी, पुढे झाले आणि हार ज्याच्या गळ्यात त्याच्या पाया पडले. त्यांच्यामागे सगळे. कालिंदीबाई पदर तोंडात धरून रडत होत्या, सुखानं. गुणाकराला पायाला गुदगुल्या होत होत्या. तो हसत पाय आखडून घेत होता, आणि लोक म्हणत होते, बघा, कसा हसतो.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, गुणाकर गेला. तासाभरात परत आला. गळ्यात झेंडूची नवी माळ, कपाळभर कुंकू, हातात नारळ.

"काम?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"खुर्ची," तो म्हणाला.

बाई तशाच भट्टीवर गेल्या. नथ्थू त्यांना पाहून उठून उभा राहिला. आजवर तो बसूनच बोलायचा.

"का परत पाठवलंस त्याला?"

"बाई, मी त्याले खुर्ची देली बसाले. तो हलवाले चायनी मांगत होता. कशी देऊ?"

"काल देत होतास तशी."

"काल मले कोठी मालूम होतं?" नथ्थूचा आवाज खाली गेला. "बाई, मी त्याले धपाटे मारले. तुमाले मालूम नाई, रातभर माह्या हाताले मुंग्या येत होत्या. ज्याच्या गयात नारदाचा हार पडला, त्याले मी राखेत, वायूत बसवू? माह्या घरी बी लेकरं हायेत."

आतून तुळसाबाई आली. तिनं कालिंदीबाईंचे पाय धरले. "माय, अशी कूस देवानं कोणाले देल्ली? माह्या पोरीच्या डोक्यावर एकदा हात ठेवाले सांगा त्याले. लग्नाले सहा वर्स झाले, पाळणा नाई हालला. काम-धंद्याचं काय घेऊन बसल्या तुमी?"

कालिंदीबाईंना तिचे हात सोडवता सोडवता धाप लागली. त्या रागावल्या, मग विनवू लागल्या, मग सांगू लागल्या की पोरगा साधा आहे, सकाळी मीच त्याची नाडी बांधून देते. नथ्थू सगळं ऐकून घेत होता, हात जोडून. आणि जोडलेल्या हातांशी भांडता येत नाही, हे बाईंना त्या दिवशी कळलं.

रोज तेच. गुणाकर भोंग्याला उठून जायचा, "काम" म्हणायचा, खुर्चीवर बसवला जायचा. परसवाड्याकडच्या खेड्यांतून बाजाराला आलेल्या बाया आधी तिथं येऊन मग बाजारात जायच्या. कुणी लेकरू त्याच्या मांडीवर द्यायचं. एक तापलेलं पोर रडू लागलं तेव्हा हाही घाबरून रडायला लागला, आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून ती बाई साखर वाटत फिरली. दगड मारणारी पोरं आता लांबून नमस्कार करून पळायची. शिऱ्याचे वाडगे घरी येऊ लागले. पंधरा दिवसांत गुणाकर घरची भाकरी बाजूला सारायला शिकला.

शनिवारी कालिंदीबाईंनी स्वतःजवळचे पैसे त्याच्या हाती देऊन त्याला शांताबाईंच्या ओट्यावर पाठवलं. सवय मोडू नये म्हणून. शांताबाईच त्याला घेऊन परत आल्या, आणि त्यांनीही दारातच वाकून नमस्कार केला.

"शांता, तू सुद्धा?"

"रागवू नका वो बाई. त्याच्या हातचे पैसे मी कशी घेऊ?"

"तूच म्हटलं होतंस ना, फुकटाचं चालत नाही?"

"ते त्या वक्ताले. आता तो काय आपला राह्यला? साऱ्या गावाचा झाला. सारं गाव घालन त्याले जेवू."

"आणि तुळसाच्या पोरीला दिवस गेले नाहीत तर? कुणाचं पोर यानं हात ठेवूनही गेलं तर? तेव्हा हेच गाव काय घालेल?"

शांताबाईंनी पटकन कानाला हात लावला. "असं अभद्र बोलू नका, माय. तुमीच त्याच्यावर भरोसा नाई ठेवला तर कसं?"

आता एकच माणूस उरला होता. नीळकंठबुवा रामपायलीला होते. तिथल्या जुन्या राममंदिरात त्यांचं आठ दिवस कीर्तन होतं. कालिंदीबाई सकाळच्या मोटारीनं निघाल्या. रस्ता खडीचा, छाती पिंजऱ्यासारखी हलत होती. बुवा धर्मशाळेच्या ओसरीवर कोमट पाणी पीत बसले होते. बाईंना बघून ते उठले, त्यांना भिंतीशी टेकून बसवलं आणि धाप बसेपर्यंत काही विचारलं नाही.

"बुवा, तुमचा तो हार काढून घ्या."

"तो केव्हाच सुकला असेल, माय."

"फुलं सुकली. हार नाही सुकला."

त्यांनी सगळं सांगितलं. बुवा ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मी तर प्रेमानं केलं," ते म्हणाले. "त्या घटकेला मला तो खरोखर तसाच दिसला. खोटं नव्हतं ते."

"मला ठाऊक आहे. मलाही दिसला." कालिंदीबाईंनी डोळे पुसले. "मीच तुम्हाला बोला म्हटलं. पण बुवा, मला तो देवात नको होता हो. माणसात हवा होता. देवाला कुणी कामाला ठेवत नाही."

बुवांनी मान खाली घातली. "गादीवरून बोललेलं मागं घेता येत नाही. पण दुसरं बोलता येतं. परत जाताना मी एक दिवस बालाघाटला थांबतो. मातीत हात घालणारे संत का कमी आहेत आपल्याकडे? काम हीच पूजा, हे सांगतो. गुणाकराचं नाव घेऊन सांगतो. बघू, कसे ऐकत नाहीत ते."

बुवांनी शब्द पाळला. त्या दिवशी मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी गोरोबांचं आख्यान लावलं, सावतोबांचा मळा उभा केला. मडकं, मोट, खुरपं, सगळं देवाच्या हाताशी नेऊन ठेवलं. मग गादीवरून हात जोडून म्हणाले, "बालाघाटकरांनो, माझ्या हातून एक अर्धंच बोललं गेलं होतं. गुणाकराच्या पाया पडू नका. त्याच्या हाती चाळणी द्या. त्याला कामाला लावा, चुकला तर बोला, मेहनतीचा मोबदला द्या. तीच त्याची सेवा." लोक रडत होते. नथ्थू खांबाशी उभा होता, तो डोळ्यांना उपरणं लावून रडत होता. कालिंदीबाईंना वाटलं, छातीवरचं जातं कुणीतरी उचललं.

आणि खरोखर दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी नथ्थू स्वतः दारात हजर. "चला," तो गुणाकराला म्हणाला, "चायनी तयार हाय." गुणाकर टाळी वाजवत निघाला. त्या शनिवारी त्यानं हातात पैसे आणले. कालिंदीबाईंनी ते देवापुढे ठेवले, आणि कित्येक आठवड्यांनी त्यांना बसल्याबसल्या झोप लागली. पुतण्याचा निरोप आला होता, जूनमध्ये येतो म्हणून. ये म्हणावं, ये आणि बघ.

एवढं सगळं सरळ झाल्यावर एक गोष्ट मात्र त्यांना कळेना. गुणाकर कामावरून यायचा तो गप्प. पूर्वी यायचा तेव्हा केसांत वाळू, पायांवर राख, आणि तोंडावर हसू. आता अंगावर धुळीचा कण नाही. जेवता जेवता ताट उचलून खाली बघायचा. परत ठेवायचा. परत उचलून बघायचा.

एका दुपारी त्या न सांगता भट्टीवर गेल्या.

समोरच्या बाजूला रोजचं काम चालू होतं; कढई तापली होती, नवा गडी चाळणी हलवत होता, पोती भरत होती. गुणाकर तिथं नव्हता. मागच्या पडवीत, सारवलेल्या जमिनीवर, नव्या चटईवर तो बसला होता. हातात नवी कोरी चाळणी, तिच्या कडेला हळदकुंकू. तुळसाबाई पोत्यातले चाळून झालेले, थंड, स्वच्छ मुरमुरे सुपानं त्याच्या चाळणीत घालत होती. तो हलवत होता. मग ती ते मुरमुरे पितळी परातीत काढून घेत होती, आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या लोकांच्या ओंजळीत चिमूट-चिमूट घालत होती. दारापासून बाभळीपर्यंत रांग होती.

नथ्थू लगबगीनं पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आपण काही चांगलं केल्याचं. "पाहा बाई. बुवांनं सांगतलं तसंच करून राह्यलो. काम देल्लं. मोबदला देऊन राह्यलो. भट्टीपासून दूर बसवला, आच नाई लागली पायजे त्याले. त्याच्या चायनीतला एक दाना बी मी विकत नाई, माय. सौगंध घेतली हाय."

याला काय सांगायचं? बुवा जे बोलले ते यानं अक्षरशः पाळलं होतं.

गुणाकरानं आईला पाहिलं. तो उठला नाही. चाळणी हलवली, मान खाली घालून चाळणीखाली बघितलं. खाली सारवण होतं, कोरडं, स्वच्छ. त्यानं पुन्हा हलवली, पुन्हा बघितलं. मग आईकडे बघून म्हणाला, "आई, वाळू नाही."

"हो रे राजा."

"वाळू नाही, आई." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. आपलंच कुठंतरी चुकतंय आणि ते आईला ठाऊक असणार, असा तो आवाज होता. किती दिवस तो हे विचारत होता कुणास ठाऊक, आणि कुणाला ऐकू येत नव्हतं.

कालिंदीबाई वळल्या. पुढच्या बाजूला कढईशेजारी गार व्हायला पसरलेल्या वाळूचा ढीग होता. त्यातून त्यांनी ओंजळ भरली. "माय, हात भाजन," नथ्थू म्हणाला, पण त्यांनी ऐकलं नाही. कोमट वाळू बोटांतून गळत होती. ती तशीच नेऊन त्यांनी गुणाकराच्या चाळणीत ओतली, पांढऱ्याशुभ्र मुरमुऱ्यांवर. तुळसाबाईनं "अहो माय" म्हणून हात पुढे केला आणि मागे घेतला.

गुणाकराचे खांदे सैल झाले. हात हलू लागले, तोच जुना ठेका. वाळू झरझर खाली पडू लागली आणि तो मान खाली घालून बघत राहिला, आणि त्याच्या तोंडावर ते हसू आलं, दोन महिने न आलेलं. कालिंदीबाई त्याच्यासमोर बसल्या. त्यांना धाप लागली होती, तरी ओठांत नाम होतं.

शेवटचा कण पडला. गुणाकर थांबला, बरोबर जिथं थांबायचं तिथं.

मागच्या दाराशी हालचाल झाली. रांगेत सगळ्यांत पुढे शांताबाई होत्या. कालिंदीबाईंना त्या तोवर दिसल्याच नव्हत्या. शांताबाईंनी आत पाऊल टाकलं, चाळणीखालच्या वाळूची चिमूट घेतली, कपाळाला लावली, उरलेली पदराच्या टोकात बांधली. मग मागची बाई पुढे आली. मग तिच्या मागची, कडेवरच्या पोराच्या जिभेला एक कण लावून. ढकलाढकल नव्हती, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तुळसाबाई कागदाचे तुकडे घेऊन आली आणि पुड्या बांधू लागली, दूरच्या गावच्या लोकांसाठी.

थोड्या वेळात जमीन पुन्हा स्वच्छ झाली.

"आई," गुणाकर रिकामी चाळणी पुढे करून म्हणाला, "आणखी."

कालिंदीबाई उठल्या. भट्टीकडे जाण्यासाठी त्यांनी पाऊल उचललं, तशी रांगेतली माणसं दोन्हीकडे सरकली, त्यांना वाट करून दिली, आणि ती वाट देता देता वाकली.